नानांना मशीनबंदी

११ मार्च १९७९, रविवार

आज नानांना लाकूड तासायच्या मशीनला हात लावायची बंदी झाली. सगळ्यांसमोर. माथुरसाहेब शेडच्या मधोमध उभे राहिले आणि म्हणाले, "बाबूजी, आज से रंदा मशीन आप नहीं चलाएँगे. उम्र का तकाज़ा है." अगदी गोड आवाजात. चहाला बोलवावं तसं.

मला वाटलं सासरे काहीतरी बोलतील. एकाहत्तर वर्षांचा माणूस — त्यातला निम्मा जन्म कराडला टेक्निकल शाळेत मुलांना सुतारकाम शिकवण्यात गेला. वर्गात एकाही मुलाचं बोट गेलं नाही हे ते अभिमानाने सांगतात, आणि अभिमानाने सांगण्यासारखंच आहे. पण नाना फक्त "ठीक है" म्हणाले. मग झाडू घेतला आणि मशीनखालचा भुसा गोळा करायला लागले.

ती शेड काय माथुरसाहेबांची जहागीर आहे? आलमबागेत लाकडाच्या टालीमागे, म्हणजे वखारीमागे, आम्ही दहा-बारा घरांनी सुतारकामासाठी मिळून घेतलीय. मशीनही सगळ्यांचीच, चिनहटच्या एका बंद पडलेल्या कारखान्यातून आणलेली. आली तेव्हा गंजलेलं धूड होतं. ते खोलून, साफ करून, पात्यांना धार लावून उभं कुणी केलं? नानांनी. माथुरसाहेब सेक्रेटरी आहेत ते एवढ्याचसाठी, की ते रिटायर झालेत आणि त्यांना वेळ आहे.

रिक्षात मी मानक नगरला घर येईपर्यंत एकटीच बोलत होते.

१२ मार्च

ह्यांना सांगितलं. म्हणाले, "वय झालंय नानांचं. माथुर चूक काय बोलला?"

रुळाला तडा गेला तर रेल्वेचा हा इंजिनिअर पानंच्या पानं रिपोर्ट लिहितो. वडिलांच्या अपमानावर एक वाक्य.

हेमा म्हणाली, "मम्मी, छोड़ो न. आजोबा को तो कोई प्रॉब्लम नहीं है." मुलीला मराठी सगळं कळतं, पण बोलायचं हिंदीतच. आणि आजोबांना प्रॉब्लेम नाही म्हणे. आजोबा सकाळपासून एकच पेपर उलटापालटा करतायत, ते दिसत नाही का हिला?

१४ मार्च

होळी. माथुरसाहेब गुलाल घेऊन घरी आले. मी स्वयंपाकघरातून बाहेर आलेच नाही. खिडकीतून पाहिलं — नानांनी त्यांना मिठी मारली. दोघं बराच वेळ अंगणात हळू आवाजात बोलत बसले, गुजिया खाल्ल्या.

मिठी!

१८ मार्च

आज शेडमध्ये गुप्ताजी मशीनवर होते. बँकेतले गुप्ताजी, लेकीच्या लग्नाचं फर्निचर करतायत. गळ्यात मफलर, दोन्ही टोकं पुढे लोंबतायत. कुणी अडवलं नाही. माथुरसाहेब समोरच होते.

नाना मशीनजवळ जायच्या आधी घड्याळ काढतात. बाह्या कोपराच्या वर. मला पहिल्या दिवशी त्यांनी दारातूनच परत पाठवलं होतं, पदर मोकळा होता म्हणून. तेव्हापासून मी साडीवर ह्यांचा जुना शर्ट घालते, पदर आत खोचून, बांगड्या पर्समध्ये. कॉलनीतल्या बायका हसल्या. हसोत.

ही मशीन दिसायला साधी. वर फिरता रूळ, त्याला बसवलेली पाती. खाली टेबल, चाक फिरवलं की वर-खाली होतं. पुढून फळी सारली की रोलर ती धरतात आणि आत ओढतात, वरून पाती तासतात, पलीकडून एकसारख्या जाडीची गुळगुळीत फळी बाहेर येते. नाना म्हणतात, "रोलर एकदा धरला की सोडत नाही. फळी, मफलर, बोट — त्याला सगळं एकच."

दोन वर्षं आम्ही दोघं मिळून काम करत आलो. सासूबाई गेल्या, नाना कराडचं घर बंद करून आमच्याकडे आले, आणि तासन्‌तास भिंतीकडे बघत बसायचे. शेड मिळाली तेव्हा कुठे जेवायला लागले नीट. ते पुढून फळी सारायचे, मी पलीकडे उभी राहून बाहेर येणारी फळी घ्यायची. ओढायची नाही, फक्त तोलून धरायची. दोघांनीही फळीच्या रेषेत नाही, जरा बाजूला उभं राहायचं, कारण कधी फळी उसळून उलटी आली तर ती पोटातच बसते.

ज्याने हे सगळं शिकवलं तो झाडू मारतोय, आणि मफलरवाले मशीन चालवतायत.

२५ मार्च

माथुरसाहेबांना शेडच्या बाहेर गाठलं. सरळ विचारलं, नानांची एक चूक सांगा.

"चूक की बात नहीं है, बहन जी."

"मग कसली बात आहे? गुप्ताजींचा मफलर दिसत नाही तुम्हाला?" — रागात मराठीत बोलून गेले. मग तेच हिंदीत सांगितलं.

ते जमिनीकडे बघत म्हणाले, "कमेटी का फ़ैसला है."

कमिटी म्हणजे कोण? तेच. मी तसं म्हटलं. तर म्हणतात कसे, "आप चलाइए न मशीन. मेंबरी आपके नाम किए देते हैं. बाबूजी बैठ के बताते रहेंगे."

म्हणजे सासऱ्याला हाकलायचं आणि सुनेच्या हातात खेळणं द्यायचं.

घरी येऊन नानांना सांगितलं, आता तरी त्यांना राग येईल म्हणून. नाना मटार सोलत होते. म्हणाले, "मग घे की मेंबरशिप."

"तुमच्या जागी?"

"जागा कुणाची नसते गं. गणपतीला पाट करून द्यायचा शब्द दिलाय आपण. कोण करणार?"

ते खरंय. इथल्या मराठी मंडळाच्या गणपतीच्या पंगतीचे जुने पाट निम्मे फुटलेत, उरलेले डुगडुगतात. मंडळाचे अध्यक्ष रमाकांत पेंडसे बाजारातून आणणार होते. नानांनीच हट्टाने सांगितलं होतं की आम्ही करू.

१ एप्रिल

मेंबर झाले. रागाने.

८ एप्रिल

आज पहिल्यांदा पुढच्या बाजूला मी. पलीकडे फळी घ्यायला शर्माजींची बायको उभी राहिली, ती हौसेने येते. नाना दूर स्टुलावर, दाराजवळ. इतकं दूर कशाला बसायचं, समजेना. जवळ या म्हटलं तर, "इथून दिसतंय मला."

कानात कापूस घातला तरी आवाज छातीत घुमतो. दोन वर्षं ऐकतेय, पण पलीकडून. पुढे उभं राहिलं की तोच आवाज वेगळा होतो.

फळ्या एका पाडलेल्या बंगल्याच्या, जुनं सागवान. जुन्या लाकडात खिळे मोडून राहिलेले असतात. प्रत्येक फळी आधी लोहचुंबक फिरवून, मग तळहाताने चाचपून पाहिली. तरी एक निघाला, रंगाखाली, मुंडकं नसलेला. पात्यावर गेला असता तर पात्याचा तुकडा कुणाच्या डोळ्यात गेला असता, देव जाणे.

मग सर्वांत जाड फळीला टेबल लावलं, आणि तिथून पुढे प्रत्येक वेळी चाक अगदी थोडं. एकदम खोल घास घ्यायला गेलं की मशीन गुदमरते. नाना ओरडून सांगत होते, "हावरटपणा नको!" पहिली फळी आत गेली. रोलरने ती माझ्या हातातून घेतली — हो, घेतलीच, मला सोडावं लागलं. हात मागे. वाकून आत बघायचा मोह झाला. नाना तेवढ्यात, "बघू नकोस आत! ती येईल तिकडून."

आली. दुधी भोपळ्याच्या सालीसारखं लांब छिलपं, आणि खालून तुपासारखं लाकूड. शर्माजींची बायको म्हणाली, "अरे वाह, दीदी."

भुसा अडकला तेव्हा मी ब्रश घेऊन पुढे झाले. नानांनी थांबवलं. आधी स्विच. मग भिंतीवरचा मेन. मग पाती फिरायची पूर्ण थांबेपर्यंत हात मागे बांधून उभं राहायचं. मग ब्रश. हे त्यांनी तीनदा सांगितलं, त्याच शब्दांत. मी लहान पोर आहे का? चिडचिड झाली. पण अपमान गिळून बसलेल्या माणसावर काय रागवायचं.

२२ एप्रिल

शेडमधून आल्या आल्या लिहायला बसलेय. रागाने.

गुप्ताजी आज वितीएवढे तुकडे घालत होते मशीनमध्ये. दिवाणाच्या पायांसाठी. मी सांगितलं, इतका आखूड तुकडा पहिल्या रोलरच्या हातून सुटतो आणि दुसऱ्यापर्यंत पोचत नाही, मधल्या मध्ये पाती त्याला भिरकावतात. लांब फळीच आधी जाडीला काढा, तुकडे नंतर करा. हे शाळेतल्या पोरालाही कळेल.

"बहन जी, आप अपने पाटे बनाइए," म्हणाले.

तेवढ्यात लाइट गेली. मशीन घरघरत थांबली, तुकडा आत. गुप्ताजींनी "धत्" म्हणून पलीकडून हात घातला, तुकडा काढायला. स्विच तसाच चालू. मेन चालू. कोपरापर्यंत हात आत.

मी ओरडले नाही. ओरडायला वेळच नव्हता. धावत भिंतीपाशी गेले आणि मेन खाली ओढला. खटका पडला. आणि गुप्ताजी वैतागून मान वळवून बघतायत तोच समोरच्या टालीतला रेडिओ सुरू झाला. लाइट आली होती. टालीत पंखा फिरायला लागला.

मशीन गप्प. गुप्ताजींचा हात अजून आतच.

त्यांना कळायला थोडा वेळ लागला. मग हात काढला, बोटं उघडून-मिटून बघितली, घाम पुसला. आणि काय म्हणाले? "कुछ हुआ तो नहीं न."

काही झालं नाही! स्टुलावर बसलेले नाना उठले, त्यांना पाणी दिलं, पाठीवर हात ठेवला. मला तेही सहन झालं नाही.

२३ एप्रिल

ऑफिसला जायच्या आधी ह्यांना घेऊन माथुरसाहेबांच्या घरी गेले. सगळं सांगितलं. चेहरा उतरला त्यांचा. गुप्ताजींना दोन महिने मशीन बंद, आणि आखूड तुकडे कुणीच घालायचे नाहीत, असं तिथल्या तिथे ठरवलं.

मी म्हटलं, छान. आता नानांची बंदी उठवा.

"वो नहीं हो सकता."

मग माझा तोल गेला. म्हटलं, तुम्हाला नानांची भीती वाटते. तुमच्या शेडमध्ये तुमच्यापेक्षा जास्त कळणारा माणूस तुम्हाला नकोय, म्हणून म्हातारपणाचं निमित्त केलंत. त्यांच्या बायकोसमोर म्हटलं. त्यांनी हात जोडले. "आप जो चाहें कह लीजिए." बस्स, इतकंच.

बाहेर आल्यावर हे म्हणाले, "जरा जास्त झालं, मृणाल."

झालं तर झालं.

६ मे

नानांना सांगितलं, आपण शेड सोडू. पाट पेंडसे बाजारातून आणतील. जिथे तुम्हाला मान नाही तिथे मला काम करायचं नाही.

नाना कधी आवाज चढवत नाहीत. आज चढवला. "शेड सोडायची नाही."

"पण नाना, तुमचा अपमान—"

"अपमान माझा झाला की तुझा? माझा ना? मग मी बघतो त्याचं काय करायचं ते. तू काम अर्धं टाकायचं नाहीस."

मी रडले. इतके दिवस ज्यांच्यासाठी भांडतेय, ते मलाच रागावले. संध्याकाळी माझ्यासाठी स्वतः चहा करून आणला. दोन कप त्यांच्या हातात, एक माझा, एक सासूबाईंचा असावा तसा समोरच्या रिकाम्या खुर्चीपुढे ठेवला. मग म्हणाले, "अरे, माझा राहिलाच," आणि तोच उचलला. बिचारे. सवय जात नाही माणसाची.

३ जून

लू, भाजणारा वारा. दहानंतर शेडचा पत्रा तापतो, म्हणून उजाडताच जातो. पाट होतायत. सगळे एका जाडीचे, एकावर एक रचले की भिंतीसारखे सरळ.

पेंडसे घरी आले होते. "वहिनी, बायकांनी कशाला त्या मशीनच्या नादी लागायचं? उद्या काही झालं तर मंडळाला उत्तर द्यावं लागेल." म्हटलं, मंडळाला पंगतीत बसून जेवायचं तेवढं काम आहे. ते मुकाट्याने करावं. नाना पेपरामागे हसत होते.

१७ जून

आज फार संताप झाला. नाना पॉलिशपेपर आणायला आलमबागेत गेले ते दुपारी परतले, उन्हाने लाल होऊन. एका रिक्षावाल्याने थेट चारबाग स्टेशनपर्यंत नेलं, तिथून फिरवत फिरवत आणलं. मी त्या रिक्षावाल्याला दारात फाडून खाल्लं, म्हातारा माणूस बघून लांबचा रस्ता घेता म्हणून.

तो म्हणाला, "माता जी, हम तो ढूँढ के लाए हैं." खोटं कसं बोलतात बघा. नाना म्हणाले, "जाऊ दे, ऊन लागलं मला." पॉलिशपेपर आणलाच नव्हता. दुकान बंद असेल.

१ सप्टेंबर

पंगत झाली. पावसामुळे मांडव गळत होता, पण पाट! हेमाच्या मैत्रिणी, मंडळाच्या आज्या, सगळ्या पाटावरून हात फिरवून बघत होत्या. पेंडशांनी माईकवर नानांचं नाव घेतलं. नाना उठून म्हणाले, "माझं नाव चुकून घेतलंत. पाट सूनबाईने केलेत. मी नुसता बसलो होतो." लोक हसले. विनय वाटला त्यांना. मला तो शब्द टोचला — बसलो होतो. बसवलं होतं.

आणि वर नानांनी माथुरसाहेबांना जेवायला बोलावलेलं! मला न विचारता. पंगतीत नानांच्या शेजारी मांडी घालून बसले होते, माझ्याच पाटावर. मी वाढायला गेले. पुरणपोळी वाढली, तूप वाढलं. ते "बस, बहन जी, बस" म्हणत राहिले, मी ऐकू न आल्यासारखं केलं.

नाना त्यांना हाताने पोळी मोडून दाखवत होते, अशी खायची म्हणून. मी तिथे उभी राहिले नाही.

२३ सप्टेंबर

माथुरसाहेब कायमचे कानपूरला चाललेत, मुलाकडे. शेड आता तुम्ही सांभाळा म्हणाले. मी नाही म्हणणार होते. ते म्हणाले, "एक बात है. मैं जा रहा हूँ, अब आपको मालूम होना चाहिए."

मार्चमध्ये, बंदीच्या आधी, नाना एकटे त्यांच्या घरी गेले होते. आदल्या रविवारी मशीन चालू असताना आपण कुठे आहोत हेच त्यांना क्षणभर कळेनासं झालं. हातात फळी होती, पलीकडे एक बाई उभी होती, आणि ती कोण ते आठवेना. ती मी. नाना त्यांना म्हणाले होते, "मुझे सबके सामने रोक दीजिए, ताकि मैं पलट न सकूँ. बहू को वजह मत बताइएगा. बताएँगे तो मेरे साथ वह भी घर बैठ जाएगी."

मी त्यांना वाकून नमस्कार केला.

घरी आले. नाना अंगणात होते. म्हणाले, "मेन बंद केलास ना?"

"केला, नाना."

मी चप्पल काढून आत जाईपर्यंत त्यांनी पुन्हा विचारलं. परत फिरले, त्यांच्याजवळ बसले, आणि सांगितलं — हो, बंद केला.